बाभळीशी गाठ

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी पावणेसात. पाचला उठायचं होतं. पण पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

ठरलं. आजपासून आयुष्य बदलणार.

दिवाळीपासून जंगलात एकट्यानं राहणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघतोय. कॅनडा, फिनलंड असल्या ठिकाणची माणसं. त्यांच्याकडं काय असतं? एक चाकू. बास. त्याच्यावर ते लाकूड फोडतात, खोपटं बांधतात, मासा भाजून खातात आणि कुणाला उत्तर देत नाहीत. आणि मी? नांदूरघाटच्या स्टँडसमोर ऑनलाइन सेंटर टाकून बसलोय. मशीनवर लोकांचा अंगठा उमटत नाही आणि ओरडा मला. हे काय पुरुषाचं जगणं झालं?

चाकू ऑर्डर केला. घडीचा नाही, फिक्स ब्लेड. म्हणजे पातं मुठीत कायमचं पक्कं. घडीचा चाकू पेरू कापायला ठीक.

रोहिणीला सांगितलं नाही. बायकोला अधूनमधून सरप्राइज द्यावं.

१४ नोव्हेंबर
आला. पार्सल रोहिणीनंच घेतलं. सरप्राइज गेलं.

काळंभोर पातं, पाठीला करवतीचे दात. मूठ आतून पोकळ. तिच्यात काडेपेटीच्या काड्या, सुईदोरा आणि मासे धरायचे गळ. मुठीच्या बुडाला झाकण, झाकणात होकायंत्र. एवढ्याशा मुठीत अख्खा संसार. पोकळ ठेवायची कल्पना ज्याला सुचली त्याला सलाम.

होकायंत्र कसंही धरलं तरी उत्तर देवघराकडं दाखवतंय. देवघर पूर्वेला आहे. म्हणजे गवंड्यानं चुकवलं असणार.

रोहिणीनं विचारलं, घरात विळी आहे, सुऱ्या आहेत, कोयता आहे, कुऱ्हाड आहे, मग हे कशाला. मी म्हणालो, या सगळ्यांच्या बदल्यात. ती बराच वेळ चाकूकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिली. इम्प्रेस झाली.

चाकूचं नाव 'बिजली' ठेवलं. रोहिणी म्हणाली, आपल्या गावात बिजली म्हटलं की जाणारच.

१६ नोव्हेंबर, रविवार
शेजारचे सिदू आणि ताराबाई ऊसतोडीला कर्नाटकात निघाले. ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा. भांडी, कोंबड्या, अंथरुणं, सगळं वर. ऐनवेळी ताराबाईंच्या ध्यानात आलं की कुऱ्हाडीचा दांडा मोडलाय. तिकडं खोपीवर चुलीला लाकूड तर फोडावंच लागतं. त्यांनी रोहिणीकडं विचारणा केली, जमलं तर तुमची द्या.

रोहिणी विचार करत होती, तेवढ्यात मी आतून कुऱ्हाड आणून थेट ट्रकमध्ये टाकली. म्हणालो, राहू द्या, आम्हाला आता लागत नाही. सिदूनं विचारलं, सर, गॅसचा गिझर बसवला का काय. मी नुसतं हसलो.

ट्रक गेल्यावर रोहिणीनं भांडी जरा जोरात घासली. दिलेलं दान बोलून दाखवू नये, म्हणून मी विषय वाढवला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
सराव सुरू. टेक्निक असं: लाकूड उभं करायचं, त्याच्या डोक्यावर चाकूचं पातं ठेवायचं आणि वरून दुसऱ्या दांडक्यानं ठोकत जायचं. इंग्रजीत याला बॅटनिंग म्हणतात. दांडकं म्हणून धुण्याची मोगरी घेतली.

शेवग्याची फांदी. पहिल्याच ठोक्यात दोन फाका.

रोहिणी म्हणाली शेवगा तर वाऱ्यानंसुद्धा मोडतो. तिला स्टीलमधलं काही कळत नाही. नंतर ती मोगरी शोधत होती. मी ऑनलाइन होतो.

३० नोव्हेंबर, रविवार
बंबाला लाकूड नव्हतं. संधी.

लिंबाचं वाळलेलं लाकूड घेतलं. सकाळी सुरू केलं ते ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका बंबापुरत्या ढलप्या निघाल्या. तोवर इतका घाम आलेला की गार पाण्यानंच अंघोळ केली. गार पाण्यानं अंघोळ हा पण संकल्प होताच. एका चाकूत दोन संकल्प.

रोहिणी गॅसवर पाणी तापवून केव्हाच अंगणवाडीच्या मीटिंगला गेली होती. तिच्यात पेशन्स नाही.

मूठ किंचित हलल्यासारखी वाटते. हाताला सवय होत असेल.

७ डिसेंबर, रविवार
तेलगावला गेलतो. सासरे भगवानराव, आम्ही जावई मामा म्हणतो, मुली आप्पा, आषाढात सासूबाई गेल्यापासून तिथं एकटेच असतात. शेत दुसऱ्याला करायला दिलंय. स्वतः बांधावरसुद्धा जात नाहीत. ओट्यावर बसतात, रस्त्याकडं बघतात. रोहिणीनं केलेल्या भाकरीतली चतकोर खाल्ली आणि पाणी प्याले. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली, माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे 'कधी आलात' आणि 'कधी निघणार'. आज तेवढंही नाही.

रोहिणी म्हणाली, आमच्याकडं चला. ते म्हणाले, बघू.

पण थोरले साडू अर्जुनराव आमच्या आधीच येऊन गेलेत, असं कळलं. त्यांचं गेवराईला हायवेवर मोठं हॉटेल आहे. त्यांनी म्हणे मामांसाठी वरच्या मजल्यावर वेगळी खोली केली. त्यांनाही मामांनी 'बघू' म्हटलंय.

म्हणजे मॅच बरोबरीत आहे.

परतताना बसमध्ये रोहिणी खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी तिला चाकूच्या स्टीलबद्दल माहिती देत होतो. तिनं एकदाही मधे तोडलं नाही. हळूहळू गोडी लागतेय.

२१ डिसेंबर, रविवार
प्लॅन ठरला. आपल्या रानात हुरडा करायचा. ४ जानेवारी, रविवार. मामा, अर्जुनराव, मेहुणी वनमालाताई, सगळ्यांना बोलवायचं.

रोहिणीचं म्हणणं, आईच्या वेळी दरवर्षी तेलगावच्या रानात हुरडा व्हायचा, त्या वासानं तरी आप्पा दोन घास खातील. बायकांचा विचार पोटापर्यंतच. माझा विचार लांबचा. मामांच्या डोळ्यांदेखत मी बाभळीचं खोड बिजलीनं फोडणार, त्याच्यावर चूल पेटवणार. कुणाच्या आधारानं राहावं, हे माणसाला असंच कळतं. हॉटेल काय, कुणीही काढतं.

रोहिणीनं लक्षात आणून दिलं की हुरड्याला लाकूड लागत नाही, गोवऱ्यांची आगटी लागते. मग चूल कशाला, तर तोडगा काढला, येसर आमटी, म्हणजे भाजलेल्या मसाल्याच्या पिठाची, रानातच करायची. तिला लाकूड लागतंच.

२७ डिसेंबर
फॅमिली ग्रुपवर बिजलीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'चार तारखेला प्रात्यक्षिक.' अर्जुनरावांनी अंगठा टाकला. जळलेल्या माणसाचा अंगठा लगेच ओळखू येतो.

१ जानेवारी
नवीन वर्षाचे संकल्प. पाचला उठणे. साखर बंद. कमी बोलणे, जास्त करून दाखवणे.

साडेआठला उठलो. आज सुट्टीसारखाच दिवस. साखर घरातली संपल्यावर बंद करू, अन्न वाया जायला नको.

३ जानेवारी
बाभळीचं खोड रानात नेऊन ठेवलं. मजबूत आहे. मध्यभागी गाठ आहे, पण ती फोटोत चांगली दिसेल.

सराव केला नाही. धार राखून ठेवायची. मूठ अजून हलते, म्हणून मुठीच्या दोरीचे वेढे काढून पुन्हा घट्ट आवळले. आता दगड.

४ जानेवारी, रविवार. सकाळी, रानात
थंडी झकास. ज्वारी टंच भरलीय. मामा आले. अर्जुनरावांच्या गाडीतून. गाडीतून उतरताना अर्जुनरावांनी त्यांचा हात धरला. एवढी काही गरज नव्हती. अर्जुनराव पांढऱ्या शुभ्र लिननमध्ये. रानात कुणी पांढरं घालतं का?

मामा बांधावर घोंगडीवर बसलेत, आमच्याकडं पाठ करून. रोहिणीनं आगटीतून कणीस काढून, चोळून, पाखडून गरम दाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी मूठभर दाणे हातात धरून ठेवले आणि नंतर वनमालाताईंच्या ताटलीत ओतले. दोघी बहिणींनी एकमेकींकडं बघितलं. अर्जुनराव खोलीतल्या एसीचं सांगतायत. मामा ज्वारीकडं बघतायत.

आमटी उकळायला लागलीय. चूल पेटवायला रोहिणीनं कपाशीच्या पऱ्हाट्या घातल्या, माझी वाट न बघता. असू दे. पऱ्हाट्या संपत आल्यात.

आता माझी वेळ. डायरी ठेवतो.

संध्याकाळी, घरी
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. पुढं कुणी बदलून सांगायला नको.

खोड उभं केलं. सगळ्यांना जवळ बोलावलं. मामांना घोंगडीसकट इकडं तोंड करून बसवलं. टेक्निक समजावून सांगितलं. वनमालाताईंना फोन धरायला दिला. पहिला ठोका चांगला बसला. दुसरा पण. पातं पुरतं आत गेलं आणि गाठीशी थांबलं.

तेव्हा मामा बोलले. दिवसभरातलं त्यांचं पहिलं वाक्य.

"जावई, ती बाभळीची गाठ हाय. तिला सोडा."

मी म्हणालो, मामा, हे कार्बन स्टील आहे.

मग ठोकत राहिलो. मोगरी उडत होती, खोड हलत नव्हतं. चाकू वर निघेना, खाली जाईना. अर्जुनराव म्हणाले, गाडीत चाक काढायची टॉमी आहे, देऊ का. हा माणूस असल्या वेळी बरोबर बोलतो. मी खोडावर पाय दिला, मूठ दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून वर ओढली.

पातं तिथंच राहिलं. मूठ आली.

मी मागं आगटीच्या राखेत जाऊन बसलो. मूठ हातातून सुटून वर गेली, उन्हात एकदा चमकली आणि सरळ आमटीच्या पातेल्यात पडली. आमटी उसळली ती अर्जुनरावांच्या लिननवर, छातीपासून गुडघ्यापर्यंत. येसराचा रंग पांढऱ्यावर छान उठतो. बुडाचं झाकण आधीच ढिलं असणार. काड्या, सुईदोरा आणि मासे धरायचे गळ सगळं आमटीत. रोहिणीनं पळीनं ढवळून बघितलं, एक गळ वर आला. अख्खं पातेलं बांधापलीकडं ओतावं लागलं.

मग मामांना ठसका लागला. रोहिणी तांब्या घेऊन पळाली. जवळ गेली आणि उभीच राहिली. ठसका नव्हता. ते हसत होते. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी, हातातली काठी खाली पडलेली. माझ्याकडं बोट करायचे, काही तरी बोलायला जायचे आणि पुन्हा फुटायचे. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

वनमालाताई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. त्यांच्याकडं बघून रोहिणीपण. एका आमटीपायी दोन शहाण्या बायकांनी रडावं? घरी येसर शिल्लक आहे, पुन्हा करता आली असती.

मामांनी डोळे पुसले आणि स्वतःहून कणीस मागितलं. मग दुसरं. मग दह्याबरोबर, मग लसणाच्या चटणीबरोबर. मधेच थांबून खोडात रुतलेल्या पात्याकडं बघायचे आणि पुन्हा हसायचे. आमटी नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय खाणार.

एवढा अपमान लग्नातसुद्धा झाला नव्हता. लग्नात माझी घोडी पळाली होती.

कारणं अशी. एक, थंडीत स्टील ठिसूळ होतं. दुसरं, अर्जुनराव मधे बोलले. बाभळीचा दोष नाही.

५ जानेवारी
मुठीची तपासणी केली. पातं आत बोटाच्या पेराएवढंच गेलेलं, एका नटावर उभं. बाकी पोकळ. ही पोकळी कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे.

कस्टमर केअरला फोन लावला. पोरीनं विचारलं, सर, कशासाठी वापरला? म्हणालो, लाकूड फोडायला. मग म्हणाली, सर, प्रॉडक्ट शोकेससाठी आहे, खाली लिहिलेलं आहे. बघितलं. लिहिलं आहे. मुंगीच्या अक्षरात, पण आहे.

मी तिला म्हणालो, मग वर डोंगराचा फोटो कशाला? ती म्हणाली, अजून काही मदत करू शकते का?

पातं अजून खोडातच आहे. खोड घरी आणून ठेवलंय. रोहिणी म्हणाली, त्याच्यावर तुळशीची कुंडी चांगली बसेल.

९ जानेवारी
मोठी बातमी. मामा आले. एकटे, एसटीनं. खांद्याला पिशवी, पिशवीत दोन धोतरं आणि गोळ्यांची पुडी. म्हणाले, राहतो थोडे दिवस.

गेवराई नाही. आमच्याकडं.

रोहिणीचा विश्वासच बसेना. पिशवी हातात घेऊन दारातच उभी. मला आश्चर्य वाटलं नाही. माणसाची पारख हरण्यातून होते. अपयश आलं तरी जो हटत नाही, त्याच्याकडं म्हातारी माणसं ओढली जातात. रोहिणीला समजावून सांगितलं. ती हो म्हणाली आणि हळद घालून दूध तापवायला गेली.

१२ जानेवारी
मामा सकाळी लवकर उठून अंगणात खाटेवर बसतात. चहा घेतात आणि विचारतात, जावई, आज काय?

शिकण्याची भूक या वयातही. काल काठीवर काठी घासून आग काढून दाखवत होतो. निघाली नाही, लाकूड ओलं होतं. तळहाताला फोड आले. मामा शेवटपर्यंत बसून होते, जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. नंतर दोन भाकरी खाल्ल्या.

रोहिणी पण सुधारली. मी काहीही करायला काढलं तरी आता अडवत नाही. उलट आज बाजारातून येताना स्वतःहून दोरीचं बंडल आणलं. म्हणाली, करा काही तरी.

१५ जानेवारी
दोरीचा झोका बांधला. जंगलात जमिनीवर झोपू नये, विंचूकाटा असतो. लिंब आणि शेवगा यांच्या मधे. आधी स्वतः झोपून दाखवलं.

शेवगा मोडला.

कंबर धरलीय. मामांना हसताना बघून शेजारच्या छबुबाई भिंतीवरून डोकावल्या. त्यांना मामांनी सगळं सांगितलं. झोक्याचं, आगीचं, हुरड्याचं. माझी दोन्ही हातांनी मूठ ओढण्याची नक्कल केली, उभं राहून. नक्कल बरोबर नव्हती. माझा डावा पाय खोडावर होता.

पण शिष्य गुरूचं नाव चार लोकांत काढतोय, हे काय कमी आहे. मामांना घेऊन पुढच्या महिन्यात बालाघाटच्या डोंगरात एक मुक्काम करायचा विचार आहे. एक अनुभवी आणि एक होतकरू.

१८ जानेवारी, रविवार
सकाळी जाग आली, उठलो नाही. कंबर. खिडकी उघडी होती. अंगणात मामा फोनवर बोलत होते, स्पीकरवर टाकून, कारण कानाला धरून त्यांना ऐकू येत नाही. पलीकडं अर्जुनराव. ते विचारत होते, मामा, आमचं काही चुकलं का, खोली आवडली नाही का, काय कमी आहे ते सांगा.

मामा बोलले ते असं. शब्द न् शब्द लिहून ठेवतो.

"कमी कायीच न्हाई अर्जुनराव. तुमी लई गुणाचे. पर तिथं समदे माझ्याकडं तोंड पाडून बघत्यात, आन् मला ती आठवती. हितं ह्या माणसाचं सकाळपासून काय ना काय चालूच असतंय. ह्यो आज काय मोडतोय बघावं, म्हणून मी उठतो."

अर्जुनराव हसले. मामा पण हसले. मग म्हणाले, वनमालेला सांगा, जेवतोय.

मी पडून राहिलो. आधी राग काढायचा ठरवलं. कुणावर काढायचा ते ठरेना. मग डोंगरातल्या मुक्कामाचं रद्द करायचं ठरवलं. मग वाटलं, शिष्य नाही तर नाही, पण एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्याबद्दल एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. चांगलं का वाईट, त्याचा अर्थ अजून लावतोय.

रोहिणी चहा घेऊन आली. खिडकी उघडी बघून थांबली. तिनंही ऐकलं होतं. तिला वाटलं मी काही बोलेन. मी म्हणालो, साखर कमी झालीय. ती खाटेच्या कडेला बसली, माझ्या तळहातावरचे फोड बघितले आणि हळद आणायला उठली नाही, तशीच बसून राहिली.

बाहेरून मामांनी हाक मारली. जावई, उठला का? आज काय?

आज काहीच ठरलेलं नव्हतं. कंबर दुखत होती. चप्पल शोधली, घातली आणि अंगणात गेलो.